हिरव्या दोऱ्याची गोणी

पुणे स्टेशनवर गाडी हलायच्या आधीच माझं नीमाशी वाजलं. माझ्या डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी असताना हिने बिस्किटांचे पुडे घेतले होते. नीमा टांझानियाची. पुण्यात कॉलेजला होती तेव्हा माझ्या खाणावळीत जेवायची. आमटीला आधी नाक मुरडलं, नंतर वाटीने पिऊ लागली. मला काकू म्हणते.

आता ती तिकडे आपल्या गावातल्या शेतकरी बायकांच्या संघाचं काम बघते. त्या तूर पिकवतात. ती तूर जहाजाने आपल्याकडे येते, आपल्या मिलमध्ये तिची डाळ होते, आणि मधला पैसा मधेच राहतो. बायकांनी ठरवलं, डाळ आपणच करायची. शेडसुद्धा बांधली. आता डाळ घेणारा पाहिजे होता. तो शोधायला बायकांनी नीमाला पाठवलं होतं, आणि हिने सोबत मला ओढलं. मीही आले, कारण जन्मभर जळगावची डाळ शिजवून मी जळगाव पाहिलेलं नव्हतं.

चाळीसगावला गरम भजी मिळाली. पुढे दोन्ही बाजूंना कपाशी पांढरी झाली होती. नीमा खिडकीला नाक लावून बसली. म्हणाली, आमच्याकडेही अशीच असते.

जळगावात ज्या मिलमध्ये गेलो तिथले शेठ फार अदबशीर. खुर्च्या झटकून दिल्या, चहा मागवला, सगळी मिल फिरवून दाखवली. तुरीला तेलपाणी लावायचं, वाळवायचं, मग ती मशीनमधून सालं टाकत पिवळीधमक बाहेर पडते. हवेत इतका भुसा की मला शिंकांवर शिंका. मग नीमाने कामाचं काढलं. आमच्या बायका डाळ करून पाठवतील, तुम्ही घ्याल का, एवढंच तिने विचारलं.

शेठ हसले. "मशीन पाहिजे तर आजच दाखवतो, ताई. डाळ मात्र नको. आम्ही आख्खी तूरच घेतो. तुम्ही डाळ पाठवू लागलात तर आमच्या मिलला आम्ही कुलूप लावायचं का?"

"पण तूर आमची आहे," नीमा म्हणाली.

"तूर तुमची, डाळ आमची. धंदा असाच चालतो."

इतक्या गोडीने कुणी तोंडावर दार लावलेलं मी पाहिलं नव्हतं. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, शेठ, पोरगी समुद्र ओलांडून आलीय, दोन पोती घेऊन तरी बघा. ते म्हणाले, काकू, तुम्ही जेवून जा.

निघताना अंगणात रिकाम्या गोण्यांचा ढीग दिसला. नीमाने त्यातली एक उचलली. तोंडाशी हिरव्या दोऱ्याचे तुकडे लटकत होते. तिच्या संघाच्या बायका हाताने गोणी शिवतात, आपला माल ओळखू यावा म्हणून हिरव्याच दोऱ्याने. ती गोणी हातात धरून उभी राहिली. शेठजींनी आम्हाला एकेक डाळीचं पाकीट भेट दिलं. त्यावर फेटेवाल्या शेतकऱ्याचं चित्र, खाली 'अस्सल खान्देशी'. मेल्यांनो, थोडी तरी लाज!

दुसऱ्या दिवशी धुळ्याची बस धरली. पारोळ्याजवळ टायर बसलं, तासभर बाभळीखाली उभं राहावं लागलं. धुळ्याचं देवपूर ओलांडून पुढे माझ्या मामेभावाचं, नानाचं गाव. वहिनींनी कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि भरीत केलं होतं. नीमा हात चाटत जेवली. सगळं छान चाललं होतं, आणि नानाने तुरीचा विषय काढला.

बाहेरून जहाजं येतात म्हणून इथल्या तुरीचा भाव पडतो, हा त्याचा राग. त्यात यंदा आणखी एक झालं. त्याने बाजारातून जुन्या गोण्या विकत घेतल्या, मजबूत आणि स्वस्त म्हणून. स्वतःच्या शेतातली तूर त्यात भरून मार्केटात नेली, तर व्यापाऱ्याने गोणी बघूनच भाव पाडला.

"मना माल दखाच नही. गोणी दखी आनि बोलना, हाई बाहेरनी तूर शे," नाना म्हणाला. (माझा माल बघितलाच नाही. गोणी बघून म्हणाला, ही बाहेरची तूर आहे.)

नीमा उठली. ओसरीवर दोन गोण्या रचलेल्या होत्या, तिने तोंडं उलटून पाहिली, तर तोच हिरवा दोरा. मी तिला म्हणणार होते, गप्प बस बाई. पण ती सरळ म्हणाली, "नाना, ही माझ्या गावची गोणी. ती बाहेरची तूर आमची."

वहिनींचा भाकरी थापणारा हात थांबला. मला वाटलं, आता नाना तिला हाकलतो. पण त्याने विचारलं, "तुले काय भाव भेटस?" (तुला काय भाव मिळतो?)

तिने सांगितला. नानाने मान खाली घातली.

"आमनापेक्षा बी कमी," तो म्हणाला. (आमच्यापेक्षाही कमी.) मग कपाशीच्या वावराकडे हात करून म्हणाला, "मना कापूस बी तसाच जास. गाठी तिकडे, कपडा इकडे." (माझा कापूसही तसाच जातो. गाठी परदेशी जातात, कपडा होऊन इकडे येतो.)

मी पिशवीतून शेठचं पाकीट काढून वहिनींना दिलं. भेट म्हणून दिलेली वस्तू, पण देताना माझीच मला चीड आली. वहिनींनी डाळ ताटात ओतली. यात तुमची कुठली आणि हिची कुठली, मी विचारलं. नानाने दाणे चिवडले, नीमाने चिवडले. दोघांनाही सांगता येईना.

निघताना नानाने एक गोणी रिकामी केली, झटकली, नीट घडी घालून नीमाच्या मांडीवर ठेवली. "तुनी शे, ली जा," म्हणाला. (तुझी आहे, घेऊन जा.) डाळीला गिऱ्हाईक शोधायला आलेली पोरगी रिकामी गोणी घेऊन विमानात बसली.

परवा तिचा फोन आला. मी विचारलं, बायका काय म्हणाल्या? ती म्हणाली, गोणी हातोहात फिरवली, आपला दोरा ओळखला. शेड तशीच बंद आहे. सुगी आली, आणि घेणारा तोच एक, आख्खीच मागणारा.

"आणि गोणी?" मी विचारलं. भिंतीवर टांगली असेल, असं मला वाटलं होतं.

"काकू, चांगली गोणी कोण फुकट घालवेल? तूर भरली, शिवली, पाठवली."

माझ्या चुलीवर आमटी उकळत होती. जळगावचीच डाळ. त्या दिवशी तीत मीठ दोनदा पडलं, आणि खाणावळीतल्या पोरांनी तांब्यावर तांबे पाणी संपवलं.