नव्या बोर्डाची फाइल

धाकट्या जावेला हे काम मीच शिकवलं, हे आधी सांगून टाकते, कारण दुसरं कुणी ते सांगत नाही. ती लग्न होऊन माकणीहून आमच्या उमरग्याच्या घरात आली तेव्हा तिच्याकडे डिग्री होती, नोकरी नव्हती. मी घरूनच पुण्याच्या एका कंपनीचं काम करायचे. माझ्या शब्दावर तिलाही घेतलं. वर्षभरातच कंपनीतले सर मीटिंगमध्ये माझं नुसतं ऐकून घ्यायला लागले आणि मत तिचं विचारायला लागले. माझ्या पोटात दुखायचं. आम्ही एकाच टेबलाला समोरासमोर बसायचो, त्यामुळे ते लपवायचीही सोय नव्हती.

काम डीबगरचं. हा दुसऱ्या प्रोग्रॅममधल्या चुका शोधणारा प्रोग्रॅम, आणि त्याच्या स्वतःच्या चुका शोधायला हजारो चाचण्यांचा एक संच. त्या चाचण्या आमच्या लॅपटॉपवर नाही, पुण्याच्या लॅबमधल्या छोट्या बोर्डांवर, म्हणजे तळहाताएवढ्या कॉम्प्युटरांवर चालवायच्या. त्यासाठी प्रत्येक बोर्डाची एक फाइल लिहावी लागते. बोर्डाचा पत्ता काय, लॉगिन कसं करायचं, प्रोग्रॅम कुठे ठेवायचा, उत्तराची किती वाट बघायची. आमच्याकडे लाइट गेली की जोडणी तुटते आणि चाचणी लटकून राहते, म्हणून हे शेवटचं सगळ्यात किचकट.

एका महिन्याच्या सुरुवातीला सरांनी सांगितलं की पुढे हे काम एकीकडेच राहील, दुसरीचा करार वाढणार नाही. दोघींनी आपापली फाइल लिहून नवा बोर्ड चालवून दाखवायचा होता.

तिच्या चाचण्या दोन दिवस रखडत चालल्या आणि कितीतरी नापास झाल्या. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. माझ्या मात्र चहा संपायच्या आत आटोपल्या, सगळ्या पास. तो बोर्ड इतक्या वेगानं चालूच शकत नाही, हे मला माहीत होतं. लॉग, म्हणजे चाचण्या कुठे कशा चालल्या त्याची नोंद, उघडून बघितला. नमुन्याच्या फाइलमध्ये पत्ता म्हणून स्वतःचंच मशीन लिहिलेलं असतं, तो बदलायचा मी विसरले होते. सगळ्या चाचण्या माझ्याच लॅपटॉपवर पळाल्या होत्या. पुण्याच्या बोर्डापर्यंत मी पोचलेच नव्हते.

मीटिंगला तास उरला होता. निकाल पाठवण्याआधी एकमेकींचा लॉग वाचायची आमची रीत होती. मी लॅपटॉप तिच्याकडे फिरवला आणि ती वाचत होती तोवर खिडकीतून हायवेवरचे ट्रक बघत बसले. तिनं शेवटपर्यंत वाचला आणि लॅपटॉप परत माझ्याकडे फिरवला. तिच्या लक्षात आलं नाही, असं मी धरून चालले आणि निकाल तसाच पाठवला.

मीटिंगमध्ये सर खूश होते. तिला एवढ्या चाचण्या नापास का, असं त्यांनी विचारलं. त्यातल्या कुठल्या चाचण्या बोर्डामुळे गेल्या आणि कुठल्या जोडणी तुटल्यामुळे, ते तिनं शांतपणे सांगितलं. तिचा तो शांतपणासुद्धा माझ्या डोळ्यांत खुपला. काम मला मिळालं.

महिनाअखेरीला ती कंपनीचा लॅपटॉप परत पाठवायला खोक्यात भरत होती. तुझी फाइल मला देऊन जा, असं मी म्हणाले. कालच पाठवली, ती म्हणाली. मग चिकटपट्टी लावता लावता, मान वर न करता बोलली,

"अक्का, तुमच्या लॉगमधला पत्ता मी त्याच दिवशी बघितला होता."

मग बोलली का नाहीस, मी विचारलं.

"थोरल्या जावंची चूक मी कशी काढू? मला वाटलं, मीटिंगमध्ये तुम्हीच सांगताल."

मला लाज वाटायच्या आधी राग आला. महिनाभर ही मला बघत होती, आणि रोज माझ्यासाठी चहा करत होती. सरांना खरं सांगायला फोन लावायचा म्हटलं तर मला तेव्हाही लावता आला असता. ती खोकं उचलून जिना उतरून गेली. तिला कुणापासून काही लपवायचं नव्हतं, आणि त्याचाही मला हेवा वाटला.

मी तिची फाइल उघडून चालवली. दोन दिवसांनी पुण्याच्या बोर्डावरचा निकाल आला, तिला आला होता तोच, त्याच चाचण्या नापास. त्याखाली मी तिच्याऐवजी माझं नाव टाकलं आणि सरांना पाठवून दिला.