शकूच्या हातचा वडा

बेलपाड्यात कोणाकडे हळद असली की मांडवात वाढायला शकूला बोलावणं ठरलेलं असे. रांधणाऱ्या बायका पुष्कळ होत्या, पण वाढावं शकूनेच. पंगतीत कोण लाजतोय, कोण रुसून बसलाय, कोणाचं पोट भरलेलं नसताना तो ताटावर हात आडवा धरतोय, हे तिला नुसत्या चेहऱ्यावरून कळे. नको म्हणणाऱ्यासमोर ती पळी घेऊन उभी राही आणि म्हणे, "माज्यासाठी एक घास." तो घास वाढला जाई आणि खाल्लाही जाई.

तिला ही सवय लागायला एक कारण होतं. तिचं माहेर समुद्रकाठच्या करंजाचं. बाप दुसऱ्याच्या होडीवर जायचा. होडी बंदरातच अडकून राहिली की घरातली चूलही थंड पडायची. आईने पोरांना बजावून ठेवलं होतं, कोणी खायला दिलं तर आधी नको म्हणायचं, हावरटासारखं हात पुढे करायचा नाही. एकदा शेजारच्या घरी शकू खेळत होती, तेव्हा त्या बाईने भाकरी आणि सुकटीची ताटली तिच्यापुढे धरली. शकूने शिकवल्याप्रमाणे नको म्हटलं. बाईने "बरं" म्हणून ताटली आत नेली. शकू त्या दिवशी उपाशीच झोपली. पुढे लग्न होऊन ती बेलपाड्यात आली, नवऱ्याने, महादेवने, मिठागरावरचं काम सोडून जमीन विकून आलेल्या पैशांत चाळ बांधली, घरात कशाची वाण राहिली नाही. पण आत गेलेली ती ताटली शकू विसरली नाही. आपल्या दारातून कोणाला पहिल्या नकारावर सोडायचं नाही, हे तिने स्वतःशी पक्कं केलं होतं.

मुलाने, निकेशने, करंजाड्याला फ्लॅट घेतला आणि नात दिपिका झाल्यावर दोघं म्हातारा-म्हातारी तिथे राहायला आली. सोसायटी मोठी, माणसं नाना ठिकाणची. डोंबिवलीची, पुण्याची, सोलापूरची. लिफ्टमध्ये सगळे हसायचे, पण कोणी कोणाकडे उगाच जाऊन बसत नसे. एकदा शकूने बोंबील भाजले, तर संध्याकाळी सोसायटीच्या ग्रुपवर वासाबद्दल मेसेज आला. नाव कोणाचं नव्हतं. सून समीक्षाने तो वाचून दाखवला नाही, पण दुसऱ्या दिवसापासून ती खिडक्या लावून घ्यायला लागली, तेव्हा शकूला उमगलं. तिने बोंबील भाजणं सोडलं. 

दिपिकाचा सहावा वाढदिवस सोसायटीच्या हॉलमध्ये करायचं ठरलं. समीक्षाचा बेत साधा होता. फक्त मुलांना बोलवायचं, प्रत्येकाला केक, वेफर्स, छोटा समोसा आणि ज्यूसचा एक डबा. आया मुलांना सोडून जातील आणि संपल्यावर न्यायला येतील.

"पोराला सोडाया आलेल्या बाईला दारातनंच पाठवाचं?" शकूने विचारलं. "पानी बी नाय?"

"आई, आता असंच असतं. त्यांनाही तेवढा वेळ मोकळा मिळतो."

"मिळू दे. पन आपन इचारलं पायजे."

शेवटी असं ठरलं की मोठ्या माणसांसाठी शकू घरून बटाटेवडे करून आणील. ते तिने फार जपून केले. शाकाहारी माणसांना आपल्या घरच्या कढईचा किंतू नको म्हणून नवी कढई आणली. ज्या तेलात कधी मासा पडलेला नाही असं तेल हवं, म्हणून महादेवला पनवेलच्या बाजारात पाठवून लाकडी घाण्याचं ताजं तेल मागवलं. ते महाग होतं. समीक्षाने तेलाचा डबा हातात घेऊन पाहिला आणि म्हणाली, "आई, एवढं कशाला?" शकू म्हणाली, "कोनी नाव ठेवाया नको."

वाढदिवसाच्या दिवशी सकाळीच समीक्षाने आणखी एक गोष्ट सांगितली होती. वरच्या मजल्यावरचा राजस येणार होता, दिपिकाच्या वर्गातला. त्याला शेंगदाणा चालत नाही, असं त्याच्या आईने, नीताने, कळवलं होतं.

'चालत नाही' हे शब्द शकूने जन्मभर ऐकले होते. कोणाला गुरुवारी अंडं चालत नाही, कोणाला श्रावणात कांदा चालत नाही, कोणाला वांगं चालत नाही कारण खाज सुटते. ती "बरं" म्हणाली आणि तिने तेही पाळलं. वड्यांबरोबरची सुकी चटणी शेंगदाण्याची होती, ती तिने वेगळ्या डब्यात भरली, झाकण घट्ट लावलं आणि मुलांच्या टेबलापासून लांब ठेवली.

संध्याकाळी हॉल भरला. नीता राजसला घेऊन आली, समीक्षाशी हळू आवाजात काही बोलली, त्याच्या पाठीवरची छोटी बॅग सारखी केली आणि जायला निघाली. शकू वड्यांची ताटली घेऊन तिच्यामागे दारापर्यंत गेली.

"बाय, येक तरी खा."

"नको काकू, खरंच नको. मला बाजारात जायचंय." नीता हसली आणि गेली. शकू ताटली घेऊन तशीच उभी राहिली.

केक कापून झाला. मुलं टेबलाभोवती बसून खाऊ लागली. शकू सगळ्यांवरून नजर फिरवत होती आणि तिला राजस दिसला. तो टेबलाच्या टोकाला बसला होता आणि बॅगेतून काढलेल्या स्वतःच्या डब्यातली बिस्किटं खात होता. त्याच्यापुढे केक नव्हता, समोसा नव्हता. बाकीची मुलं बोलत होती, हा खाली बघून चावत होता.

शकू त्याच्याजवळ गेली. "तू आपला डबा का खातंस, बाला?"

"आई म्हणाली, इथलं काही खायचं नाही."

हे वाक्य शकूला लागलं. इथलं म्हणजे आपलं. नवी कढई, नवं तेल, सगळा आटापिटा करूनही इथलं ते इथलंच. तिला ग्रुपवरचा तो मेसेज आठवला. आणि त्याच वेळी त्या मुलाची दयाही आली, कारण भरल्या टेबलावर एकटं आपलं आपलं खाणारं पोर तिला बघवत नव्हतं. राग आणि दया यांतलं जास्त कोणतं होतं, हे तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही.

ती वडा घेऊन आली. चटणी नसलेला, मऊ, कोमट.

"यात शेंगदाना नाय. माज्या हातचा हाय. येक खा."

राजसने मान हलवली. "नको."

"थोडा. आजी खोटं बोलल का?"

त्याने तिच्याकडे पाहिलं, मग वड्याकडे. त्याला तो खावासा वाटत होता, हे चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं आणि शकूला चेहरे कळत. त्याने अर्धा वडा खाल्ला. शकूचं मन निवलं. ती दुसऱ्या मुलांकडे वळली.

थोड्या वेळाने दिपिका तिचा पदर ओढत म्हणाली, "आजी, राजसचं तोंड बघ."

त्याचे ओठ सुजले होते. मानेवर लाल गांधी उठल्या होत्या आणि तो गळा खाजवत होता. मग तो खोकायला लागला आणि खोकता खोकता त्याच्या श्वासाला शिट्टीसारखा आवाज येऊ लागला. समीक्षाने त्याच्या बॅगेतलं औषध शोधून त्याला पाजायचा प्रयत्न केला, ते त्याने ओकलं. कोणीतरी गाणी बंद केली. निकेशने राजसला उचललं आणि गाडीकडे धाव घेतली. शकू मागच्या सीटवर चढली आणि तिने त्याला मांडीवर घेतलं. कोणी तिला ये म्हटलं नव्हतं.

पनवेलच्या रस्त्यावर संध्याकाळची गर्दी होती. निकेश हॉर्नवरचा हात काढत नव्हता. शकू त्या मुलाच्या छातीवर हात ठेवून बसली होती. हाताखाली बरगड्या आत ओढल्या जात होत्या. "घे, श्वास घे," ती म्हणत होती, "घे रं बाला," आणि तो डोळे मोठे करून तिच्याकडेच बघत होता. त्याच्या नजरेत त्या वेळी राग नव्हता, फक्त भीती होती. ती नजर शकूच्या झोपेत पुढे कितीतरी दिवस येत राहिली.

हॉस्पिटलमध्ये त्याला आत नेलं, मांडीत इंजेक्शन दिलं, तोंडावर मास्क लावला. बऱ्याच वेळाने डॉक्टर बाहेर आल्या.

"आता श्वास सुधारतोय. आजची रात्र इथेच ठेवू. त्याने खाल्लं काय होतं?"

"केक दिलाच नव्हता," समीक्षा म्हणाली. ती रिक्षा करून मागोमाग आली होती. "त्याला काही द्यायला मी कोणालाच सांगितलं नव्हतं."

"वडा," शकू म्हणाली. "मी दिला. पन त्यात शेंगदाना नव्हता. चटनी मी येगळी ठेवली व्हती."

"तळला कशात होता?"

"तेलात. घान्याच्या." एवढं बोलून ती थांबली. मग म्हणाली, "शेंगदान्याच्या."

समीक्षाने तोंडावर हात ठेवला. तिने तो तेलाचा डबा पाहिला होता, हातात घेऊन बघितला होता. डॉक्टर शांतपणे म्हणाल्या की घाण्याच्या तेलात दाण्याचा अंश राहतो, अशा मुलांना तेवढाही पुरतो, आणि परत आत गेल्या. शकू भिंतीला टेकून उभी राहिली. निकेशने तिला खुर्ची दिली, पण ती बसली नाही.

नीता आणि तिचा नवरा निनाद आले, ते धावतच. निनाद सरळ आत गेला. नीताने सगळं ऐकून घेतलं आणि शकूकडे पाहिलं.

"मी सांगितलं होतं," ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "त्यालाही सांगितलं होतं, काकू. तो नाही म्हणाला नव्हता का?"

"म्हनाला व्हता," शकू म्हणाली.

यापेक्षा नीता ओरडली असती तर बरं झालं असतं, असं शकूला वाटलं.

राजस दुसऱ्या दिवशी घरी आला. सोसायटीच्या ग्रुपवर नियम आला, हॉलमधल्या कार्यक्रमांत घरी केलेले पदार्थ मुलांना देऊ नयेत. याही वेळी नाव कोणाचं नव्हतं. शकूने महादेवकडून तो मेसेज वाचून घेतला आणि म्हणाली, "बरोबर हाय."

त्यानंतर ती बदलली. घरी कोणी आलं की पाणी आणून ठेवी आणि बाजूला उभी राही. चहा विचारायचं काम समीक्षावर आलं. बेलपाड्यात पुतण्याची हळद होती. पंगत बसली तसं सगळ्यांनी तिला हाक मारली, पण ती खुर्चीवरून उठली नाही. गुडघे दुखतात म्हणाली. घरी येताना महादेव म्हणाला, "किती दिस आसं बसनार? पोरगा बरा झाला ना."

"तो नको म्हनत व्हता, अवो," शकू म्हणाली. "मना ऐकू आलं व्हतं."



राजस पुन्हा खेळायला आला नाही. लिफ्टचं दार उघडलं आणि आत शकू दिसली की तो आईच्या मागे सरके. दिपिकाने त्याला विचारलं, तर तो म्हणाला की तुझ्या घरी मला भीती वाटते. दिपिकाने ते आजीला जसंच्या तसं सांगितलं.

एके दुपारी नीता स्वतः खाली आली. ती सोफ्याच्या कडेला बसली आणि म्हणाली, "काकू, मीही त्या दिवशी थांबायला हवं होतं. मी नेहमी थांबते. सगळ्यांच्या स्वयंपाकघरात डोकावते, पाकिटं वाचते, लोक हसतात. माझ्या मोठ्या जावेने तर त्याची खोड मोडायची म्हणून त्याला गुपचूप चिक्की दिली होती. त्या दिवशी वाटलं, एक संध्याकाळ नको हे सगळं. बाजारात काही काम नव्हतं मला. नुसती फिरत होते."

शकूला वाटलं तिचा हात धरावा, पण धरला नाही. "तुजी चूक नाय, बाय," ती म्हणाली. "तू सांगितलं व्हतंस."  जाताना नीता म्हणाली, "पुढच्या रविवारी त्याचा वाढदिवस आहे. कोणाला बोलावत नाही आम्ही. तुम्ही आणि दिपिका या." ती मनापासून बोलत होती की रीत म्हणून, ते शकूला ओळखता आलं नाही.

रविवारी ती गेली. मुलाच्या वाढदिवसाला रिकाम्या हाताने जायची तिची ही पहिलीच वेळ. खाऊ न्यायची हिंमत नव्हती, आणि समीक्षाने आणलेलं रंगांचं खोकं दिपिकाच्या हातात होतं. दार निनादने उघडलं. तो "या" म्हणाला, पण तिच्या नजरेला नजर न देता आत वळला. राजस आतल्या खोलीच्या दारात उभा होता. दिपिका त्याच्याजवळ गेली, तरी तो शकूकडेच बघत राहिला.

नीताने चहा आणून दिला. शकूने कप हातात धरला. राजस दाराची चौकट न सोडता म्हणाला, "आजी, तुम्ही मुद्दाम दिलं होतं का?"

"राजस," निनाद म्हणाला.

"इचारू दे त्याला," शकू म्हणाली आणि कप खाली ठेवला. "मुद्दाम नाय, बाला."

"पण तुम्ही म्हणाला होतात, यात नाहीये म्हणून."

"म्हनाले व्हते. मना ठावं नव्हतं. ठावं नसताना बोलले. आन तू नको म्हनलास, ते ऐकलं नाय. ती चूक माजीच."

राजसने जरा विचार केला. तो हसला नाही, जवळही आला नाही. मग दिपिकाला म्हणाला, "चल, तुला ट्रेन दाखवतो," आणि दोघं आत गेली. आतून रूळ जोडल्याचे आवाज यायला लागले.

शकूने चहा संपवला. कप स्वतः उठून ओट्यावर नेऊन ठेवला. दिपिकाला खेळायला राहू दे म्हणाली आणि लिफ्टची वाट न बघता जिन्याने खाली आली. महादेव टीव्ही लावून बसला होता. तिने आत येऊन चपला काढल्या आणि त्याच्याशेजारी बसली.

"काय म्हनाली ती मानसं?" त्याने विचारलं.

"पोरगा बोलला माज्याशी," शकू म्हणाली.