ठिपक्यांआडचा शब्द

कुंभारीच्या चंद्रव्वानं हाती घेतलेलं काम अर्धं टाकल्याचं आमच्या गावानं कधी पाहिलं नाही. नवरा शिवप्पा गेला, तरी त्यानं उभा केलेला कडक भाकरीचा उद्योग तिनं गावच्या बायका जोडून चालता ठेवला. त्याचा जुना कॉम्प्युटर पिठाच्या डब्यांशेजारीच बसलेला असतो.

खंडेनवमीला आम्ही अवजारं धुऊन-पुसून पुजतो आणि त्या दिवशी त्यांना विसावा देतो. सून काव्यानं कॉम्प्युटर बाहेरून पुसला. मग मन भरेना म्हणून आतूनही झाडला. त्या झाडण्यात ब्राउझरनं जपलेले पासवर्डही गेले. वर हळदकुंकू लागलं, झेंडूचं फूल बसलं, पुढ्यात नारळ फुटला.

दुपारी फोन आला. सोलापुरातल्या प्रदर्शनात भाकरीचा स्टॉल हवा असेल तर संध्याकाळच्या आत अर्ज भरा. अर्ज ब्राउझरमध्ये उद्योगाच्या मेलनं लॉगिन केल्यावरच उघडणार होता, आणि त्या मेलचा पासवर्ड शिवप्पा सोबत घेऊन गेलेला. नवा मागवावा, तर त्याचा कोड जाणार शिवप्पाच्या बंद झालेल्या नंबरावर.

"जाऊ द्या आत्ती, फुडच्या साली बघू," काव्या म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"त्ये मेलचं दुसरं सॉफ्टवेअर हाय की. रोज सकाळी काय न इचारता टपाल आणून देतंय. म्हंजे त्याला ठावं हाय."

"तितं नुसते ठिपके दिसत्यात."

"घोंगडीखाली माणूस दिसत न्हाय, म्हणून काय माणूस न्हाय व्हय? घोंगडी वढ."

उंबऱ्यात बसलेली चंद्रव्वाची सासू अक्कम्मा म्हणाली, "पुजल्यालं उठवू नगंस. उद्या दसऱ्याला लाव."

"लढाई आज हाय, अव्वा." चंद्रव्वानं फूल उचललं, कपाळाला लावलं आणि पदरात धरलं. "लाव गं चालू."

काव्या एकेक खिडकी उघडत गेली. दोनदा चुकीच्या दारी गेली, परत फिरली. शेवटी सेटिंगच्या तळाशी जपलेल्या पासवर्डांची यादी सापडली. तिनं 'दाखवा'वर बोट दाबलं. ठिपके सरले आणि पोरीनं वळून सासूकडं पाहिलं.

"वाच की."

"तुमचं नाव हाय, आत्ती. आन् त्याला लागून जोंधळा."

उभ्या संसारात शिवप्पानं तिला 'अगं'शिवाय हाक मारली नव्हती. चंद्रव्वा पडद्याकडं बघत राहिली. मग तिनं पदरातलं फूल सावरलं.

"बघत काय बसलीस? टाक."

ऊन कलायच्या आत अर्ज गेला. चंद्रव्वानं फूल होतं तिथं परत ठेवलं.

"दुसरा नारळ फोडावा लागंल आता," अक्कम्मा कुरकुरली.

"फोडते की. स्टॉलवर."