उजव्या हाताचं फ्रान्स

माझा नवरा बेचाळिसाव्या वर्षी सायकल शिकला, आणि तेसुद्धा सायकलवरून फ्रान्स बघायची सहल ठरवून, पैसे भरून झाल्यावर. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ठरवली तेव्हा दुबईत तेजी होती. ऑफिसातल्या कॉफीच्या मशीनपाशी याचा जर्मन साहेब फ्रान्समधल्या कालव्याकाठच्या सायकल सहलीचं वर्णन करत होता. बोलता बोलता त्याने विचारलं, "यू सायकल?" आणि हा म्हणाला, "ऑफ कोर्स!" हा गिरगावातल्या दोन खोल्यांत वाढलेला. तिथे सायकल चालवणं राहू द्या, ठेवायलासुद्धा जागा नव्हती. मी पुण्याची. ओढणी खोचून, मागे मैत्रिणीला बसवून, वर तिच्याशी मागे वळून भांडत मी कॉलेजला गेलेली आहे. त्याने बुकिंगचा कागद दाखवला तेव्हा मी इतकी हसले की तो दोन दिवस माझ्याशी धड बोलला नाही.

आणि मग मंदी आली. त्याची कंपनी शहराबाहेर वाळूत एक अख्खी नवी वसाहत उभी करत होती. मधोमध मोठा टॉवर आणि त्याच्याभोवती गोल रस्ता. रस्त्यांचं काम याच्याकडे होतं आणि ते त्याने वेळेआधी पुरं केलं होतं, दिव्याच्या खांबांसकट. टॉवर सात-आठ मजले वर आला आणि एका सकाळी सगळं थांबलं. साहेबाने याला बिनपगारी रजेवर पाठवलं. "प्रोजेक्ट सुरू झालं की पहिला फोन तुला. आफ्टर समर, इन्शाल्ला."

शारजात अल नहदाच्या आमच्या फ्लॅटमध्ये तो दिवसभर बसायला लागला. फोन मांडीवर. माझे मसाल्याचे डबे त्याने उंचीप्रमाणे लावले. त्याबद्दल मी कडाडून भांडले, तर म्हणाला, "बरं, तू म्हणशील तसं." लग्नाला पंधरा वर्षं झाली होती, हे वाक्य मी प्रथमच ऐकत होते. मला भीती वाटली. भांडणारा नवरा परवडतो, असा गप्प झालेला नाही.

सहल रद्द केली तर दमडी परत मिळणार नव्हती, आणि रजा तर नको तितकी होती. "जाऊ या," मी म्हणाले. "आधी सायकल शीक."

सायकल फुकट मिळाली. त्या दिवसांत आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये देश सोडणाऱ्यांच्या चिठ्ठ्यांची गर्दी असायची, सोफा घ्या, गाडी घ्या. आठव्या मजल्यावरचं कुटुंब जाताना सायकल आमच्या दाराशी ठेवून गेलं. आता जागा हवी. अल नहदाच्या गर्दीच्या रस्त्यावर शिकायचं म्हणजे आधी विमा काढायचं काम. तेव्हा त्यालाच आठवलं, की आपण स्वतः बांधलेला एक गुळगुळीत रस्ता आहे आणि त्यावर चिटपाखरू नाही.

दर शुक्रवारी पहाटे, ऊन चढायच्या आत, आम्ही तिथे जायचो. फाटकावरचा वॉचमन याला सलाम करून आत सोडायचा. मी सीट धरून मागे पळायची, आणि आमची बारा वर्षांची लेक बोनेटवर बसून समालोचन करायची. "बाबा, यू आर नॉट पेडलिंग, यू आर प्रेइंग!"

पहिल्याच दिवशी मी म्हटलं, दोन्ही बाजूंनी फेऱ्या मार. तो तयार होईना. टॉवर उजव्या हाताला ठेवूनच तो फिरणार.

"का?"

"प्रदक्षिणा उलटी घालतात का कधी?"

हा माणूस देवळात चपला सांभाळायला बाहेर थांबणारा. "उलटी घातली तर काय होईल?"

"प्रोजेक्ट बंद पडेल."

"बंदच आहे की रे!"

"मग कायमचं पडेल," तो म्हणाला, हसत हसतच. मीही हसले आणि सीट धरली.

अशा किती प्रदक्षिणा झाल्या, देव जाणे. पडला, सोलवटला, सायकलच वाकडी आहे म्हणाला. नाचता येईना अंगण वाकडं, असं मी सुनावलं आणि अंगणही तूच बांधलंयस याची आठवण दिली. मे संपेपर्यंत तो सरळ चालवायला लागला आणि उजवीकडे झकास वळायला लागला. डावीकडे वळायची वेळच आली नाही.

जूनमध्ये लेकीला खालच्या मजल्यावरच्या रत्नागिरीच्या भाभींकडे सोपवलं. "बिनधास्त जावा," त्या म्हणाल्या, "पण भाईजानना हळू चालवायला सांगा." आणि आम्ही फ्रान्सला पोचलो.

सहलीची पद्धत छान होती. सकाळी हातात नकाशा द्यायचे, सामान व्हॅनने पुढच्या गावच्या हॉटेलात जायचं आणि आपण मधलं अंतर रमतगमत कापायचं. एका बाजूला कालवा, दुसऱ्या बाजूला द्राक्षांचे मळे. रंगीत होड्या इतक्या सावकाश चालल्या होत्या की नवरासुद्धा त्यांच्या पुढे जात होता, आणि प्रत्येक होडीला मागे टाकताना माझ्याकडे बघत होता. मी टाळी द्यायची. इतकी हिरवळ बघून माझे डोळेच निवले.

पहिल्या गावात चर्च बघायला डावीकडे वळायचं होतं. हा उतरला.

"मला डावीकडे येत नाही."

"उतरून वळ मग, हातात धरून चालव."

"छे, लोक बघतात." त्याने पुढे जाऊन उजवीकडे वळण घेतलं, मग पुन्हा उजवीकडे, मग पुन्हा उजवीकडे, आणि चर्चसमोर ऐटीत हजर झाला. "शारजात समोरच्या दुकानात जायला यू-टर्न शोधत केवढं लांब जातो आपण. तेव्हा तू काही बोलतेस?"

आठवडाभर आम्ही असेच फिरलो. मी चिडायची, नकाशा त्याच्या नाकापुढे नाचवायची, पण खरं सांगते, त्या उजव्या वळणांनी जे दाखवलं ते नकाशात नव्हतं. कुणाचं परसदार, दोरीवर वाळणारी पायजम्यांची रांग, दगडी धोबीघाट, पोहणारी बदकं. एका गावात वाट चुकून आम्ही एकाच घरावरून तीनदा गेलो. दारात बसलेल्या आजीबाईंनी तिसऱ्या वेळी आम्हाला थांबवलंच. त्या फ्रेंचमध्ये काय म्हणाल्या ते कळलं नाही, पण सूर थेट माझ्या आत्याचा होता. ओंजळ भरून चेरी दिल्या. आम्ही दशमी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे केली. चटणी खाऊन त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि त्यांनी आणखी मागितली.

फोन मात्र त्याच्या हँडलला बांधलेला असायचा. प्रत्येक चढावर तो रेंज बघायचा. मला त्या फोनचा राग यायचा आणि त्याची दयाही यायची.

शेवटून दुसऱ्या दिवशी दुपारी कालव्याच्या कठड्यावर आम्ही पाव-चीज खात बसलो होतो तेव्हा तो वाजला. ऑफिसातला सहकारी होता. मला एकच बाजू ऐकू येत होती.

"हां, बोल... अच्छा... टॉवर भी?... नहीं नहीं, बोल तू... मतलब खलास. ठीक है यार. तू अपना देख."

त्याने फोन खिशात टाकला. कंपनीने प्रोजेक्ट सोडून दिलं होतं, त्याची नोकरीही गेली होती. मी त्याचा हात धरला. मला रडू येत होतं आणि त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. त्याने उरलेला पाव सावकाश संपवला, हात झटकले आणि सायकलवर बसला. मी मागून निघाले.

थोड्या अंतरावर रस्त्याला फाटा होता. मी सवयीने वेग कमी केला. याने डावा हात लांब केला, पुस्तकात दाखवतात तसा, आणि एका हाताने सायकल सांभाळत, जराही न डळमळता, डावीकडे वळला.

मी ओरडले. "अरे, तुला डावीकडे येतं?"

"येतं की!"

"कधीपासून?"

"मे महिन्यापासून. पार्किंगमध्ये शिकलो, तू भाजी आणायला गेली होतीस तेव्हा."

"मग आठवडाभर मला गावंच्या गावं फिरवलीस ती कशाला?"

त्याने मागे वळून बघितलं. त्याचे डोळे लाल झाले होते आणि तोंडभर हसू होतं. "एवढ्या प्रदक्षिणा घातल्या होत्या गं. मध्येच मोडवेना." मग पुढे बघून म्हणाला, "आता काय, मोकळा आहे."

रस्ता उताराचा होता. दोन्ही बाजूंना सूर्यफुलांची शेतं होती, अजून न फुललेली. तो पेडल न मारता, पाय पसरून, पोरासारखा खाली सुटला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा तो मोठ्याने गात होता, बेसूर.

नकाशा माझ्याकडे होता. आमचं हॉटेल उजवीकडे होतं. ते मी त्याला बराच वेळ सांगितलं नाही.