वडिलांचं इंजिन आणि तीस हजारांची पार्टी

हसणार असाल तर आत्ताच हसून घ्या, मग चहा अंगावर सांडायला नको. कारण आज जो घोळ सांगणार आहे, तो दुसऱ्या कुणी केलेला नाही. मी केलाय. अगदी शांतपणे, विचार करून, सावकाश केलाय. घाईगर्दीत झाला असता तर निदान तेवढं तरी कारण सांगता आलं असतं!

मी शाळेची पायरी चढलो नाही. पण बाजाराच्या बाबतीत मला कुणी शिकवावं? छे! वडिलांचं बोट धरून बैलबाजारात हिंडलेला माणूस मी. उपरण्याखाली हात घालून नुसत्या बोटांवर भाव ठरवायचो आम्ही. समोरच्याच्या अंगठ्याला घाम आला की मला कळायचं, गडी अजून शंभर चढणार. असं माझं शिक्षण.

तर वडिलांमागं माझ्या वाट्याला एक इंजिन आलं. इंजिन म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढं रेल्वेचं येईल. तसलं नाही हो! दोन्ही हातांच्या कवेत मावेल एवढंसं विलायती इंजिन. दोन बाजूंना दोन चाकं, वर पाण्याची चौकोनी टाकी, पोटावर पितळेची पाटी. वडिलांनी कुठल्याशा गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर लिलावात घेतलेलं. विहिरीवर चालायचं तेव्हा त्याची चाल माझ्यासारखीच. फट्! मग बराच वेळ गप्प. आता बंद पडलं म्हणून माणूस उठणार, तेवढ्यात पुन्हा फट्!

पुढं विहिरीवर विजेची मोटर आली आणि इंजिन पडवीत येऊन बसलं, ते बसलंच. टाकीत कोंबडी अंडी घालायची आणि चाकावर पंचा वाळायचा.

आमच्या कारभारणीचं म्हणणं एकच होतं. गॅस. आमच्या पिंपळवंडीत तेव्हा चार-दोन घरांत गॅसच्या शेगड्या नुकत्या आल्या होत्या. चुलीच्या धुरानं हिचे डोळे कायम लाल, छातीत खोकला ठाण मांडून बसलेला. डॉक्टरनं साफ सांगितलं होतं, चूल बंद करा.

"तुमच्या त्या लोखंडाला सावली हाय," ती म्हणायची, "अन् मला धूर."

गॅसला पैसे लागतात, आणि पैसे कांद्याला भाव आला की येतात. कांद्याला भाव कधी येतो, ते तुम्हीही सांगू शकत नाही आणि मीही.

एक दिवस पुण्याचे एक साहेब शिवनेरी बघून परत जाताना पाणी प्यायला आमच्याकडं थांबले. नोकरीतून निवृत्त झालेले, बोलायला अगदी मऊ. तांब्या हातातच राहिला आणि साहेब इंजिनापुढं उकिडवे बसले! रुमालानं पाटी पुसली. चाक हळूच फिरवून बघितलं. टाकीतलं अंडं काढून माझ्या हातात दिलं.

"बाबा, हे देणार का? मी अशी जुनी इंजिनं दुरुस्त करून चालवतो. हौस आहे. बारा हजार देईन."

आत फुंकणीचा आवाज थांबला.

"द्या की!" आतनं आवाज आला.

आता बाजाराचा कायदा काय सांगतो? न विचारता जो आकडा बोलतो, त्याच्या खिशात तिप्पट असतात. मी उपरणं झटकलं आणि म्हणालो, "साहेब, वडिलांची वस्तू हाय. इचार करतो. पंधरा दिसांनी या."

साहेब गेले. कारभारीण फुंकणी घेऊन बाहेर आली.

"आवो, बारा हजार! गॅस बी आला असता अन् त्येच्याखाली वटा बी झाला असता!"

"तुला बाजारातलं काय कळतंय? आधी खरी किंमत काढायची. मग इकायचं."

किंमत काढायची कशी, ते मला पाठ होतं. विकणारा म्हणून गेलं की लोक वस्तूला नाकं मुरडतात. घेणारा म्हणून गेलं की तीच वस्तू सोन्याची होते. म्हणून घेणारा बनून जायचं! पोरीच्या लग्नात व्याह्यांनी मानाचा म्हणून दिलेला काळा कोट काढला, धोतर नीळ टाकून धुतलं आणि वडापच्या जीपमधून नारायणगावात इस्माईलभाईच्या भंगाराच्या दुकानापुढं उतरलो.

"बोला पावणं, काय घेऊन आला?"

"घेऊन न्हाय आलो, न्यायला आलोय. पुण्याच्या एका बड्या साहेबांचा माणूस हाय मी. आहुपे बाजूचा." घराचा पत्ता लागू नये म्हणून गाव मुद्दाम लांबचं सांगितलं. बघा, केवढी हुशारी! "साहेबास्नी जुनं बारकं इंजान पायजे. दोन चाकांचं. काय पडंल?"

इस्माईलभाई वजनकाट्याला टेकून म्हणाला, "साहेब किती देणार?"

"तुमी सांगा."

"तुमी सांगा."

"न्हाय, तुमी."

अर्धा तास आमचं असं चाललं. शेवटी त्याला बोलतं करावं म्हणून मीच म्हणालो, "ईस हजारापोतर जाईल साहेब."

मला वाटलं, हा म्हणेल, अहो एवढं कुठं, किंवा म्हणेल, एवढ्यात कुठं येतंय. तर गडी नुसता म्हणाला, "मिळंल. पण इसार द्या."

विसार दिला की सौदा पक्का, हे काय मला माहीत नव्हतं? पण न देता उठलो असतो तर त्याला संशय आला असता! दिले एकशे एक रुपये, आणि कोटाची बटणं लावून परत आलो. भाव कळला का? कळला की! माझा मलाच कळला.

आठ दिवसांनी शेजारचा किसन डेअरीला दूध घालून परत आला तो ओरडतच.

"तात्या! आरं, लई मोठी पार्टी फिरतीय म्हणं! जुनी बारकी इंजनं गोळा करतीया. तीस हजार देतीय एकाला!"

"तीस?" मी चहा तसाच खाली ठेवला. "कोन पार्टी?"

"कुण्या शेठचा माणूस हाय म्हणं, आहुप्याकडचा. सोताची जीप हाय. अन् काळा कोट घालतो."

"कोट घालतो म्हंजे पैकेवाला असनार," मी म्हणालो.

कारभारीण दारात उभी होती. तिनं एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा खुंटीवरच्या कोटाकडं.

"आवो, कोट तर तुमच्यापाशी बी हाय."

"माझा मानाचा हाय. त्यो येगळा."

आता तुम्ही म्हणाल, म्हातारा एवढा कसा... थांबा! मी नीट विचार केला होता. मी बोललो होतो वीस. हा बोलतोय तीस. मी गेलो होतो वडापनं, बाकीच्या अकरा जणांत चेपून. ह्याची जीप स्वतःची. म्हणजे हा माझ्यापेक्षा मोठा कुणीतरी माझ्याच वाटेवर आलेला! आहुप्याचं म्हणाल, तर तिथं काय एकच माणूस राहतो का? मला उलट आनंदच झाला. माझ्या खोट्या साहेबाला खरा शेठ भेटला!

पंधराव्या दिवशी पुण्याचे साहेब वेळेवर हजर. बरोबर जुन्या इंजिनांचे फोटो आणले होते. कारभारणीनं त्यांना गुळाचा चहा दिला, खोकत खोकत. साहेबांनी तिच्या खोकल्याकडं बघितलं आणि स्वतःच म्हणाले, "बाबा, तेरा देतो. त्याच्यावर माझी ऐपत नाही."

"साहेब, वाईट वाटून घिऊ नका. तीस हजाराची पार्टी हाय."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. "तीस मिळत असतील तर जरूर द्या, बाबा. मला आनंदच आहे. फक्त चांगल्या हातात जाऊ दे." कागदावर फोन नंबर लिहून दिला आणि गेले. तो कागद मी घेतला नाही. कारभारणीनं घेऊन मिसळणाच्या डब्यात ठेवला.

"तेरा हजार उठून गेलं," ती म्हणाली. त्या दिवशी ती आणखी काहीच बोलली नाही. तिच्या बोलण्याची मला सवय आहे, न बोलण्याची नाही. पण मी मनात म्हटलं, उद्या तीस आणून पुढ्यात ठेवतो, मग बघू!

दुसऱ्या दिवशी कोट घालून पुन्हा नारायणगाव. आता विकणारा म्हणून जायचं होतं, तेव्हा दारातच घसा साफ केला आणि म्हणालो, "इस्माईलभाई, ती काळ्या कोटाची पार्टी कुठं भेटंल?"

माझा प्रश्न संपायच्या आत इस्माईलभाई उठून उभा राहिला. शेजारी बसलेल्या माणसाला कोपर मारून म्हणाला, "बघा, मी म्हणलो न्हवतो? आली पार्टी!"

मी मागं वळून बघितलं. मागं एक शेळी पुठ्ठा खात होती.

मी पुन्हा इस्माईलभाईकडं बघितलं. पुन्हा मागं बघितलं. शेळीच.

"आवो, मागं काय बघताय? तुमीच की!"

"मी? मी तीस हजाराची पार्टी?"

"तुमी ईस बोलला. माल लवकर हाती यावा म्हणून मी पुढं पंचवीस बोललो. ज्याला बोललो त्यो आणखी पुढं तीस बोलला असंल. बाजार हाय राव!" आणि मला हाताला धरून मागच्या बाजूला घेऊन गेला. "चला, तुमचा माल तयार हाय!"

गोणपाट उचललं. खाली एक इंजिन! एक चाक तडकलेलं, पाटी गायब, टाकीला भोक. पिंपरी पेंढारवरून मिळवलं म्हणाला, माझ्या साहेबासाठी जीव टाकून.

"बोलवा साहेबाला."

"साहेब..." माझ्या कोटात घाम उतरला. "साहेब म्हंजे... मीच."

"मग तुमाला इंजान कशाला पायजे?"

"पायजे न्हाय. हाय. माझ्यापाशी एक हाय. त्येचा भाव काढायचा व्हता."

इस्माईलभाई जो हसायला लागला, तो वजनकाट्यावरच बसला. काटा डुगडुगत होता.

"म्हंजे तुमी... तुमचंच इंजान... तुमालाच इकायला निघाला व्हता?"

हसून झाल्यावर त्यानं डोळे पुसले आणि विसाराचं काढलं. विसार दिलेला. शब्द दिलेला. बैलबाजारात वाढलेला माणूस विसार देऊन मागं फिरत नाही, ते मला शोभलं नसतं. त्याला जे पडलं होतं त्यावर एक पैसा त्यानं लावला नाही, तेवढा भला माणूस. पण विहिरीवरची जळलेली मोटर दुरुस्त करायला म्हणून कोटाच्या खिशात ठेवलेले पैसे तिथं गेले, आणि ते इंजिन टेम्पोत चढलं.

पडवीत उतरवताना कारभारीण बघत होती.

"ह्ये काय?"

"इंजान."

"कुणाचं?"

"पार्टीचं."

"अन् पार्टी कुठंय?"

मी कोट काढून खुंटीला लावला.

तिनं कोटाकडं बघितलं आणि कमरेवर हात ठेवला. "एकटं व्हतं तर करमत नसंल म्हणून जोडी लावली व्हय? आता ह्यास्नी पेंड बी घाला!"

पुढं महिन्यानं माझ्या मेव्हण्याचा पाय मोडला म्हणून मी घोडेगावला बहिणीकडं जाऊन राहिलो. गुरं-ढोरं त्यांची बघायची होती, वीस-बावीस दिवस गेले. परत आलो तर पडवी मोकळी! दोन्ही इंजिनं नाहीत. कोंबडी भिंतीकडेला अंडं घालायला जागा शोधत फिरतेय. आत गेलो तर धूर नाही. ओट्यावर निळा जाळ, त्यावर चहा, आणि कारभारीण खोकल्याशिवाय बसलेली!

"आगं, इंजनं?"

"साहेब घिऊन गेलं. डब्यातला कागद काढला, एसटीडीवरनं फोन लावला. सांगितलं, एक हुतं ते हाय, अन् एक फुटकं बी हाय. काय देता? त्येनी सांगितलं. मी म्हणलं, न्या. गॅसचा नंबर बी त्येनीच वळखीनं लावून दिला."

"तू भाव न्हाय केला?"

"चहा उतू चालला व्हता. किती येळ करनार?"

मी खाली बसलो. चहा घेतला. चांगला झाला होता, धुराचा वास नव्हता. मग अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "मग... किती आलं?"

तिनं गॅस बारीक केला. "न्हाय सांगनार."

"आगं, माझ्या बापाचं इंजान!"

"सांगितलं तर तुमी कोट घालून नारायणगावला जानार, बराबर आलं का बघायला."

या गोष्टीला किती वर्षं झाली! साहेब दोनदा येऊन गेले. वडिलांच्या इंजिनाची फट् फट् अजून चालते म्हणतात. त्यांना विचारलं, तर ते म्हणाले, काकूंना शब्द दिलाय. इंजिनं गाडीत चढवायला किसन होता, नोटा त्याच्यासमोर दिल्या. त्याला विचारलं, तर तो म्हणतो काकूनं शपथ घातलीय. शपथ फक्त माझ्यापुरती आहे बरं का! डेअरीवर सगळ्यांना माहीत आहे. इस्माईलभाईलाही माहीत आहे. त्या इंजिनाच्या किमतीमागं माझ्याएवढा कुणी हिंडला नसेल, आणि अख्ख्या जुन्नर तालुक्यात ती ठाऊक नसलेला माणूस एकच. मी!