पुण्याच्या साहेबांची गुडघेदुखी

मी फार बोलणारा माणूस नाही. आमच्या वाचनालयात 'शांतता राखा' अशी पाटी आहे. बायको म्हणते, ती पाटी लावायची गरजच नव्हती, मला खुर्चीवर बसवलं तेवढं पुरे होतं. त्यामुळे खोटं बोलायची वेळ माझ्यावर फारशी आली नाही. एकदा आली आणि मी ती पुरेपूर वापरली. तेच सांगायचं आहे.

मानोरा तालुक्यातल्या एका मोठ्या गावात मी ग्रंथपाल आहे. काही वर्षांपूर्वी वाशिमच्या एका संस्थेची माणसं वाचनालयात आली. आजूबाजूच्या तांड्यांवरच्या गरीब घरांतल्या मुलामुलींना ऑनलाइन लिहून पैसे मिळवायला शिकवायचं, अशी त्यांची योजना होती. जागा आमची, तीन जुने लॅपटॉप त्यांचे, शिकवणारा हवा होता.

"तुम्हाला ऑनलाइन लेखनाचा अनुभव आहे का?" त्यांनी विचारलं.

नाही म्हणायचं तर पुढे बोलावं लागलं असतं. मी मान हलवली. ती उभी हलली.

माझा अनुभव असा होता: मी एकदा गुडघ्याला घालायचा पट्टा मागवला होता आणि त्याखाली अभिप्राय लिहिला होता. 'ठीक आहे. ढिला होतो.' एवढंच. तेही फुकट.

पहिल्याच दिवशी एका मुलानं विचारलं, "सर, तुमाले महिन्याचे किती भेटते याचे?"

मी म्हणालो, "तसं बरं चाललंय."

वर्गातल्या अकराच्या अकरा जणांनी माझ्याकडे अशा आदरानं पाहिलं, की मागे घ्यायची हिंमत झाली नाही.

मग मी रात्री बसून नेटवरचे लेख वाचायचो आणि सकाळी तेच शिकवायचो. माझ्या एवढं लक्षात आलं की नेटवर प्रत्येक गोष्टीचे दहा फायदे असतात. लिंबाचे दहा, चालण्याचे दहा, लवकर उठण्याचे दहा. म्हणून मी नियम केला, विषय कोणताही असो, फायदे दहा काढायचे. आठवड्याभरात वर्ग तयार झाला. 'कोंबडी पाळण्याचे दहा फायदे' आले. 'एस.टी. चुकण्याचे दहा फायदे' आले. त्यातला चौथा फायदा होता, 'पुढची एस.टी. रिकामी मिळते', आणि पाचवा, 'पुढची एस.टी. नसतेच, त्यामुळे घरी परत जाता येते'.

पहिलं खरं काम मिळालं ते एका दुकानाच्या वेबसाइटचं. विषय: 'आपल्या मांजरीसाठी योग्य आहार कसा निवडावा', आठशे शब्द.

तांड्यावरची एक मुलगी, बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होती, ती वीस मिनिटं स्क्रीनकडे बघत बसली.

"सर, मांजर उंदीर खाते."

"बरं."

"झालं ना मंग. ती सोताच निवडते. आठशे शब्द कायले पायजे?"

"तज्ज्ञाचं मत टाक. लेख वाढतो."

"तज्ज्ञ कुठून आणू?"

"ज्याला त्या विषयाचा रोजचा अनुभव आहे तो तज्ज्ञ," मी म्हणालो. हे वाक्य मी फार ऐटीत म्हटलं होतं. पुढे ते मला महागात पडलं.

तिनं तज्ज्ञ म्हणून तिच्या काकूचं मत टाकलं. काकूंच्या मते मांजरीला पोटभर खाऊ घातलं की ती उंदीर सोडते आणि मग मांजर पाळायची कशाला. दुकानवाल्यांनी लेख परत पाठवला. त्यांचा धंदाच मांजरीला खाऊ घालण्याचा होता. पण मी तो लेख तीनदा वाचला आणि वाचनालयात एकटाच हसलो.

दसऱ्याच्या सुमाराला तिचे वडील आले. दिवाळीनंतर हे कुटुंब ऊसतोडीला जायचं आणि पार उन्हाळ्यात परत यायचं. आईवडील ऊस तोडायचे, मुलगी कोपीवर, म्हणजे उसाच्या फडाजवळच्या झोपडीत, स्वयंपाक आणि धाकट्यांचं बघायची. या वर्षी ती गेली असती तर शेवटच्या वर्षाची परीक्षा बुडाली असती.

वडील दारातच उभे राहिले, आत पुस्तकं होती म्हणून चप्पल काढून.

"सर, पोट्टी लिहिते म्हणते. लिहू द्या. पन मी काय म्हंतो, ज्याले ती कोनाची कोन हाय हे मालूम नाई, अशा बाहेरच्या एका मान्सानं पैसे देऊन तिचं लिहिलेलं घेतलं, तर मी मानीन. मंग राहू दे तिले परीक्षेलोक. नाई तर मुकादमाची गाडी आली का संग नेतो. तिची माय दिवसभर ऊस तोडीन का भाकरी थापीन?"

यात चूक काही नव्हतं. पण आमच्याकडे बाहेरचा एकही माणूस नव्हता. मुलीनं चौदा ठिकाणी लेख पाठवले होते आणि कुठूनच उत्तर नव्हतं.

तेव्हा मी दुसरं सिमकार्ड घेतलं आणि पुण्याचा साहेब झालो.

वाचनालयाच्या कॉम्प्युटरवर नवा ईमेल उघडला. तिला कळवलं की आमची पुण्यात कंपनी असून आम्हाला आरोग्यविषयक लेख हवे आहेत. पैशांचं मी असं सांगितलं की साहेब माझ्या खात्यावर टाकतात, मी तुला देतो. हे ऐकून ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली.

साहेब होणं सोपं होतं, विषय सुचवणं अवघड. मला विषयच सुचेनात. मग मी जे सुचलं ते दिलं. पहिला विषय, गुडघेदुखीवर घरगुती उपाय. दुसरा, घोरणे कसे थांबवावे. तिसरा, जेवणानंतर पोट का फुगते. लेख झकास यायचे. गुडघेदुखीच्या लेखात तिनं लिहिलं होतं की दुखणाऱ्या माणसाला तेल चोळण्याआधी त्याला विचारावं, बाबा तू खुर्चीवरून उठतोस कधी. मला राग आला. तरी मी 'उत्तम लेख' असं कळवलं.

चौथा विषय मी का दिला हे मला आजही नीट सांगता येत नाही. 'कमी बोलणाऱ्या नवऱ्याशी कसे वागावे.' पुण्याच्या नावाखाली धीर आला असेल.

लेख चार दिवसांनी आला. त्यात तज्ज्ञाचं मत होतं. 'या क्षेत्रात सव्वीस वर्षांचा अनुभव असलेल्या एका गृहिणीच्या मते, असा नवरा घरातल्या लोखंडी पलंगासारखा असतो. मजबूत असतो, जागा अडवतो, हलवला तरच आवाज करतो. त्याच्याशी भांडू नये, भांडण एकटीलाच करावं लागतं. त्यापेक्षा त्याच्या ताटात मीठ घालायचं विसरावं. तीन घास गप्प खातो. चौथ्याला बोलतो.'

मागच्या आठवड्यात दोनदा वरणात मीठ नव्हतं.

मी कॉम्प्युटर बंद केला आणि घरी गेलो. बायको भुईमुगाच्या शेंगा सोलत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पुण्यात थंडी पडली का?"

"कुठल्या पुण्यात?"

"नाई, सहजच. हातपाय धुवा."

मी हातपाय धुतले आणि लेख मंजूर केला.

मग दिवाळी झाली. मुकादमाची गाडी चार दिवसांवर आली तेव्हा मुलीचे वडील पुन्हा वाचनालयात आले, मुलीला घेऊन.

"तो पुन्याचा सायेब देते म्हनते पैसे. माह्या कानानं ऐकाचं हाय मले. लावा फोन."

मुलगी म्हणाली, "बाबा, राहू द्या न. कामात असतीन ते."

"कामात असले तं सांगतीन का कामात हाय."

मी म्हणालो, मला जरा बाहेर जाऊन यायचंय, तुम्ही लावा. आणि जो निघालो तो वाचनालयामागच्या पाण्याच्या टाकीआड जाऊन उभा राहिलो. गुडघा दुखत असताना इतकं भरभर मी त्याआधी चाललो नव्हतो. खिशातला दुसरा फोन वाजला. मी त्यावर रुमाल धरला आणि नाकातून, शक्य तेवढं पुणेरी बोललो.

"नमस्कार. बोला, काय म्हणताय?"

"रामराम सायेब. मी त्या पोरीचा बाप बोलून राह्यलो. ते लिहिते ते बराबर असते का?"

"अतिशय सुंदर लिहिते हो तुमची मुलगी. आमच्या इथे सगळ्यांना आवडतं."

हे मात्र खरं होतं, म्हणून जोरात निघालं. आणि नेमका तेव्हाच गल्लीत केसवाला शिरला. त्याच्या मोटरसायकलला भोंगा असतो आणि त्यावर एकच टेप. "केस द्याऽऽ, भांडी घ्याऽऽ! डोक्याचे केस, गळालेले केस, केसावर भांडीऽऽ!"

मग वडील म्हणाले, "सायेब, पुन्यातबी केसवाला येते?"

"येतो ना. येतो. अधूनमधून."

"टेपबी हेच?"

"हो, म्हणजे... सगळीकडे हीच असते बहुतेक."

"अन् दोन्ही कानानं संगच आयकू येते का तुमाले? मले येऊन राह्यली म्हनून म्हंतो."

एवढ्यात ते टाकीला वळसा घालून समोर आले, मागोमाग मुलगी. फोन कानालाच होता. माझाही होता, रुमालासकट. दोन हातांच्या अंतरावर उभे राहून आम्ही एकमेकांकडे बघत होतो, आणि फोन काही मला ठेववेना.

ते फोनमध्येच म्हणाले, "सायेब, तुमच्या पायात आमच्या सरायची चप्पल हाय."

मीही फोनमध्येच म्हणालो, "हो."

आणि मग टाकीला टेकून सगळं सांगून टाकलं. साहेब नाही, कंपनी नाही, पैसे माझे, आणि मला स्वतःला लिहिण्याचा आजवर एक रुपयाही मिळालेला नाही. एवढी वाक्यं मी लग्नाच्या बैठकीतही सलग बोललो नव्हतो.

वडिलांनी मुलीकडे पाहिलं. "तुले मालूम होतं?"

"पंधरा दिवसांपासून," ती म्हणाली. "गावातली लाईट गेली का सायेब गप. तांड्यावरची गेली तं सायेब बोलते. पुन्याचा मानूस गावच्या लाईटवर कसा राहीन बाबा? अन् गुडघा तं सरायचाच होता."

"मंग बोलली काहून नाई?"

"लिहाले भेटत होतं न."

मग तिनं खिशातून फोन काढला. पलंगाचा लेख तिनं साहेबांना पाठवल्यावर नागपूरच्या एका बायकांच्या वेबसाइटलाही पाठवला होता. त्यांनी तो घेतला होता. संपादकबाईंचा निरोप होता की असंच आणखी पाठव, दर महिन्याला एक घेऊ, पैसे थेट तुझ्या खात्यात.

हाच तो बाहेरचा माणूस होता. खरा, जिवंत, आणि वडिलांना त्याच्यावर तिळभरही विश्वास नव्हता.

"हे बाईबी टाकीमागंच राह्यते का?" त्यांनी मला विचारलं.

"नाही हो. ही खरी आहे."

"तुमी सांगसान अन् मी मानीन?"

त्या क्षणी मला जे वाटलं ते लिहायचं मी इतकी वर्षं टाळलं. मुलीनं स्वतःच्या जिवावर खरं काम मिळवलं होतं आणि माझ्या खोट्यामुळे ते तिच्याच हातात खोटं ठरत होतं. तो विषय मी तिला साहेब न होता, नुसता सर म्हणून दिला असता तरी तिचं काम होऊन गेलं असतं. संपादकबाईंना फोन लावला, तो त्यांनी उचलला नाही. पुन्हा लावला, तेच.

वडील म्हणाले, "चला. तुमच्या घरच्यायले इचारतो."

आम्ही तिघं घरी गेलो. बायकोनं निरोप वाचला, मुलीचा फोन उलटसुलट करून पाहिला आणि पदरानं हात पुसत म्हणाली, "खरं हाय, दादा."

"कशावरून म्हंता वैनी? हेबी याईनंच लिहिलं असन तं?"

"यायनं?" बायको हसायला लागली. हसता हसता तिला खाली बसावं लागलं. "यायले एक पुन्याचा सायेब धड होता आला नाई. महिनाभर सोताचे आजार सांगत बसला तो. हे नागपूरची बाई कसे होतीन? ते बघा, काय लिवलं तिनं, 'वाचून पोट धरून हसले.' सव्वीस वर्षात हे कधी पोट धरून हसले नाई. पोट फुगलं म्हनून धरते तेवढंच."

वडील माझ्याकडे बघत राहिले. वरपासून चपलेपर्यंत. मग हळूच म्हणाले, "हे बराबर हाय."

असा मी आयुष्यात एकदाच कामाला आलो. मला खोटं बोलता येत नाही, हाच पुरावा धरला गेला.

मुलगी राहिली. गाडी निघाली त्या दिवशी मी तांड्यावर गेलो होतो. गाडीत भांडी, कोंबड्या, गाद्या, माणसं. तिची आई वरून पोरीला परात कुठे ठेवलीय ते ओरडून सांगत होती. त्या हंगामात त्या बाईनं ऊसही तोडला आणि भाकरीही थापल्या. ते मला विसरता येत नाही. वडील खाली उतरून माझ्याजवळ आले.

"सर, आमी परत येईलोक एक काम करजा. वर्गातल्या पोट्ट्यायले खरं सांगजा. ते तुमच्या भरोशावर बसून हाय."

मी म्हणालो, "सांगतो."

होळी आली. मुलीची परीक्षा झाली. गाड्या परत यायला लागल्या आणि मी अजून सांगितलं नव्हतं. रोज तोंड उघडायचो आणि 'खिडकी लावून घ्या' म्हणायचो. शेवटी एका सकाळी, तिचे वडील आदल्या संध्याकाळी तांड्यावर पोचल्याचं कळलं तेव्हा, मी फळ्यावर नुसता विषय लिहिला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो.

'आमच्या सरांनी ऑनलाइन लिहून आजवर एक रुपयाही कमावलेला नाही: दहा फायदे.'

मागे तीन कीबोर्ड वाजायला लागले, बाकीच्यांनी कागद काढले.

ते कागद अजून माझ्याकडे आहेत. पहिला फायदा: सरांना गर्व नाही. दुसरा: आपल्यातला कोणीही सरांच्या पुढे लगेच जाऊ शकतो. तिसरा: आता सरांना घाबरायची गरज नाही, पण आधीही कोणी घाबरत नव्हतं. सहावा: सर आपल्यासोबतच शिकत होते हे आता कळलं, मग त्यांनाही गृहपाठ द्यावा. एकानं लिहिलं होतं, मला राग आला आहे, आणि पुढे दोन ओळी कोऱ्या सोडल्या होत्या. त्या मी अधूनमधून उघडून बघतो.

मुलीनं नऊच फायदे लिहिले होते. खाली तळटीप होती:

'दहावा सापडला नाही. पुण्याच्या साहेबांना विचारून कळवते. सध्या लाईट नाही.'