गरम बॉनेट

दुबईतल्या अल बर्शा भागातल्या त्या व्हिलात गॅरेजला हीटर होता, माझ्या खोलीला नव्हता. थंडीत सीटचं लेदर तडकतं, असं साहेबांनी कुठंतरी वाचलं होतं. साहेब पुण्याचे, आपलेच. मी गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत दोन स्वेटर घालून झोपायचो आणि उठल्याउठल्या आधी गाडीला ऊब आहे ना ते बघायचो.

मग पेट्रोल जळायला नको म्हणून इंजिन सुरू न करता, गाडी न्यूट्रलवर टाकून अंगणात ढकलायची आणि टाकीतल्या गार पाण्यानं धुवायची. बोटं सुजायची. पण भीती थंडीची नव्हती. माझा व्हिसा साहेबांच्या नावावर होता आणि पासपोर्ट त्यांच्या वरच्या खोलीतल्या कुलूपबंद ड्रॉवरमध्ये. कामगाराचा पासपोर्ट मालकानं ठेवून घेणं तिथल्या कायद्यातही बसत नाही. तरी ठेवतात, आणि वर म्हणतात, "अरे, सेफ राहील!"

मंदी आली आणि गल्लीतल्या गाड्यांवर धूळ साचायला लागली. शेजारच्या व्हिलातले स्वयंपाकी चिपळूणकडचे, त्यांना मी मामा म्हणायचो. ते भिंतीपलीकडून बोट दाखवायचे. "ती पांढरी बघ. कोण पुसत नाही. म्हणजे गेला रे तो पळून, बँकेला टोपी घालून."

फेब्रुवारीत साहेब बायकामुलांना घेऊन निघाले. "पुण्याला लग्न आहे, वन वीक. गाडी रोज बाहेर काढून धू. हीटर बंद करू नकोस, काय?" धाकटीनं आतून हाक मारली, "Daddy, my books?" ते म्हणाले, "नंतर, बेटा." लग्नाला जाताना कोण पुस्तकं नेतं, हे मला तेव्हा सुचलं नाही.

आठवडा उलटला. मग दुसराही. फोन बंद. मी रोज धूत होतो.

एका सकाळी गाडी नुकतीच बाहेर ढकलली होती, अजून पाणी मारलं नव्हतं, तेवढ्यात फाटकातून बँकेची दोन माणसं आली.

"साहब किधर है?"

"शादी में गये हैं. इंडिया."

एकानं बॉनेटवर हात ठेवला आणि तो हसला. "गाडी तो गरम है. शादी से अभी लौटे क्या?"

मी हीटर दाखवला. त्यांना ती थाप वाटली. दुबईत गॅरेज गरम कोण ठेवतं? "कल पुलिस के साथ आते हैं," म्हणाले. "छुपाने वाला भी अंदर जाता है."

ते गेले. मामा भिंतीशी आले.

"गाढवा, तुझ्यामुळंच त्यांना वाटतं तो हितंच हाय! गाडी चकचकीत, म्हणजे मालक घरात. त्यानं तुला उगाच नाय धुवायला सांगितलं."

तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. त्याच्या पळण्याला मी रोज पॉलिश मारत होतो! "मग मी पण पळू?"

"पासपोर्टाशिवाय कुठं पळतोस? घराला सील लागलं की तोही आत. कुलूप फोडलंस तर चोर ठरशील. गप बस, आणि ते आले की आधी पासपोर्ट तेवढा माग."

रात्रभर मी पासपोर्ट मागायचं वाक्य हिंदीत पाठ केलं.

सकाळी पोलीस आला. त्यानं हात पुढं केला, "चाबी." मी गाडीच्या किल्ल्या मुठीत धरल्या. म्हणालो, "पहले मेरा पासपोर्ट. ऊपर ड्रॉवर में है. वो साहब का नहीं, मेरा है."

बँकवाले एकमेकांकडे बघायला लागले. पोलिसानं मला वर नेलं आणि ड्रॉवरचं कुलूप फोडायला लावलं. लग्नपत्रिका, जुनी बिलं, आणि खाली तो. मी हात घालायच्या आधीच त्यानं तो उचलला. फोटो बघितला, माझं तोंड बघितलं, आणि पासपोर्ट खिशात टाकला.

"मेरा है," मी पुन्हा म्हणालो.

"मालूम. स्पॉन्सर भागा, वीजा खलास. यल्ला, चलो, गाडी में बैठो."

मालक पळाला, आणि आत मी गेलो. चौकशी झाली, कोठडी झाली. तो पासपोर्ट माझ्या हातात आला थेट मुंबईच्या विमानाच्या दारात. सोडायला आलेल्या पोलिसानं तो मला दिलाही नाही, हवाईसुंदरीकडे सोपवला. मी तिच्या हातातून तो हिसकावून घेतला. ती घाबरली. मीही.